मूल आजीकडे ठेवून जाताना

अभ्यासपाठ : पालकत्व, सोपवणूक आणि आपली जबाबदारी



या अंकाचा अभ्यासपाठ एका आजीच्या अंगठ्यापासून सुरू करते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. वसई पूर्वेच्या एका पाड्यावरून दुपारी फोन आला. नऊ वर्षांचा मुलगा चिंचेच्या झाडावरून पडला होता. कोपराजवळ हाड मोडले होते. आजीने त्याला रिक्षात घालून रुग्णालयात आणले. डॉक्टरांनी हात बांधला, दुखणे कमी होण्याचे इंजेक्शन दिले आणि ऑपरेशन करावे लागेल असे सांगितले. संमतीच्या कागदावर ‘आई, वडील किंवा पालक’ असा रकाना होता. आजीने अंगठा पुढे केला. टेबलामागच्या माणसाने विचारले, “तुम्ही पालक आहात याचा काही कागद आहे का?”

कागद नव्हता. आई-वडील भिवंडीपलीकडे वीटभट्टीवर, आणि बापाचा मोबाइल बंद. मी पोहोचले तेव्हा आजी बाकड्यावर नातवाचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहताच म्हणाली, “ताई, दोन वरसं पोर माझ्याजवळ हाय. त्याला न्हाऊ-खाऊ मीच घालते. आन् माझा अंगठा चालत नाय?”

बाप रात्री अकराला आला. सही झाली, सकाळी ऑपरेशन झाले, हात आता बरा आहे. पण दुपारी दोनपासून रात्री अकरापर्यंत ते लेकरू कण्हत होते, आणि ते नऊ तास मी विसरू शकले नाही.

त्या रात्री मी बापाला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “पुढच्या आठवड्यात पाचशेचा स्टॅम्प पेपर करू. आजीला रीतसर पालक करून टाकू.” ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले तेव्हा त्यांनी मान हलवली. “स्टॅम्प पेपरने कुणी पालक होत नाही. आई-बाप जिवंत आणि धडधाकट असताना तर नाहीच.” इतकी वर्षे मी या कामात आहे, पण हे मला ठाऊक नव्हते. त्यानंतर जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते या पाठात मांडत आहे.

१. हा प्रश्न आपल्या दारातला आहे

पालघर जिल्ह्यात हा प्रश्न एखाद्या घरापुरता नाही. दिवाळी झाली, भात घरात आले की जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरून वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबे कामाला बाहेर पडतात. कुणी वसई, भिवंडी, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर, कुणी बांधकामावर, कुणी वाड्यांमध्ये. भट्टीचा बयाणा बहुधा पावसाळ्यातच घेतलेला असतो, म्हणून जाणे टळत नाही. परत येणे पावसाच्या तोंडावर.

मुलांचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक घराला पडतो. बरोबर नेले तर शाळा सुटते आणि भट्टीवरच्या भोंग्यात राहावे लागते. वसई तालुक्यातल्या उसगावहून काम करणाऱ्या विधायक संसदेने १९९०च्या दशकात भट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालवल्या, त्या याच मुलांसाठी. मागे ठेवले तर मूल आजी, मावशी, काका किंवा थोरल्या बहिणीकडे राहते. आपल्या शहरातली माणसे नोकरीसाठी मुलाला आजोळी ठेवतात, तसेच हेही आहे. पण शहरातल्या आजीला फोन लागतो, तिला सही येते, आणि रुग्णालयात तिला कुणी कागद मागत नाही. पाड्यावरच्या आजीला मागतात.

२. पवित्र शास्त्रातल्या तीन सोपवणुका

मूल दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे मूल टाकणे, असा समज आपल्यातही आहे. शास्त्र तसे म्हणत नाही. तीन घरे आठवू या.

पहिले हन्नाचे. तिने नवसाने मिळालेला शमुवेल दूध तुटल्यावर एली याजकाकडे मंदिरात ठेवला. पण तिथेच विषय संपला नाही. ती दरवर्षी त्याच्या मापाचा नवा झगा शिवून घेऊन जात असे. मूल किती वाढले, हे आईला त्याच्या अंगाच्या मापातून कळत राहिले.

दुसरे मोशेच्या आईचे. तिने बाळ नदीकाठी लव्हाळ्यात ठेवले, तेव्हा त्याची बहीण थोड्या अंतरावर उभी राहून पाहत होती. म्हणजे लेकरू सोडले तेव्हाही त्याच्यावर कुणाची तरी नजर होती.

तिसरे मर्दखयाचे. एस्तेर त्याच्या काकाची मुलगी, आई-बापांविना पोरकी. त्याने तिला आपली लेक म्हणून वाढवले. पुढे ती राजवाड्यात गेली, तरी तो रोज अंतःपुराच्या अंगणासमोर जाऊन तिची खुशाली विचारत असे.

तिन्ही ठिकाणी मूल दुसऱ्या हाती गेले, पण नाते आणि नजर सुटली नाही. या पाठाचा सारा अर्थ यातच आहे. मुलाची काळजी सोपवता येते, पालकत्व सोपवता येत नाही. आपला कायदाही जवळजवळ हेच सांगतो.

३. कायदा काय म्हणतो

मुलाच्या पालकत्वाविषयी बोलताना बहुतेक जण हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याचे नाव घेतात. पण केंद्र सरकारने अधिसूचना काढून लागू केल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. ख्रिस्ती कुटुंबांनाही तो लागू नाही. वारली असो, कातकरी असो, वा वसईचा ख्रिस्ती, न्यायालयातून पालक नेमून घ्यायचा तर वाट एकच आहे : पालक व पाल्य अधिनियम, १८९०. कायदा इंग्रजांच्या काळातला, पण आजही चालू आहे.

या कायद्यातल्या तीन गोष्टी आपण लक्षात ठेवाव्यात.

एक : ‘पालक’ म्हणजे मुलाच्या देहाची, मालमत्तेची किंवा दोन्हींची काळजी घेणारी व्यक्ती, अशी त्याची व्याख्या आहे. म्हणजे कायद्याला प्रत्यक्ष काळजी दिसते. आजी कायद्याच्या नजरेतून पूर्ण सुटलेली नाही.

दोन : आई किंवा वडील हयात आहेत आणि न्यायालयाच्या मते अपात्र नाहीत, तर न्यायालय मुलासाठी दुसरा पालक नेमत नाही (कलम १९). पूर्वी यात फक्त वडिलांचा उल्लेख होता. २०१०च्या दुरुस्तीने आईचे नावही आले. म्हणून भट्टीवर गेलेल्या आई-बापांनी आजीला पालक करायला न्यायालयात जाण्यात अर्थ नाही.

तीन : पालक नेमताना न्यायालय मुलाचे हित पाहते (कलम १७). मुलाचे वय, नात्याची जवळीक, नेमायच्या माणसाचे चारित्र्य व कुवत, मयत आई-वडिलांची इच्छा, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याचे स्वतःचे म्हणणेही.

मग स्टॅम्प पेपरचे काय? नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र एवढेच सांगते की अमुक माणसाने अमुक दिवशी अमुक सांगितले व सही केली. त्याने सहीचा पुरावा पक्का होतो. पालकत्व मात्र हलत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मूल सांभाळणाऱ्या नातेवाइकासाठी कायद्यानेच ठरवून दिलेले एक प्रतिज्ञापत्र आहे. ते भरून दिले की शाळेत दाखला घेता येतो, उपचारांना संमती देता येते. आपल्याकडे सगळीकडे चालेल असा एकच कागद नाही. म्हणून आपल्याला आहे त्या कायद्यातून वाट काढावी लागते, आणि ती निघते.

४. दवाखाना आणि शाळा

आजीच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर कायद्यात आहे. १२ वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या उपचाराला त्याच्या पालकाची, किंवा ज्याच्याकडे मुलाचा कायदेशीर ताबा आहे अशा व्यक्तीची संमती पुरते. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम ८९ मध्ये होते, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये आहे. आई-बापांनी स्वखुशीने मूल सांभाळायला दिले असेल, तर आजीचे म्हणणे भक्कम आहे. अडचण फक्त एवढी की ‘आई-बापांनी दिले आहे’ हे त्या टेबलावर दाखवायचे कसे?

जीव धोक्यात असेल तर तेवढेही लागत नाही. विचारायला कुणी नाही आणि थांबायला वेळ नाही, अशा प्रसंगी डॉक्टरने संमतीशिवाय केलेला उपचार गुन्हा ठरत नाही (पूर्वीचे कलम ९२, आताचे कलम ३०). जुन्या संहितेत यासाठी दिलेले एक उदाहरण अपघात झालेल्या मुलाचेच आहे. शिवाय १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट रुग्णालयात शांतपणे, हात जोडून, पण ठामपणे सांगावी. भांडण करू नये. टेबलामागचा माणूसही नोकरीला भिऊनच विचारत असतो.

शाळेची वाट सोपी आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये पालक म्हणजे मुलाची देखभाल व ताबा असलेली व्यक्ती, असाच अर्थ दिला आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी पत्रक आहे. ते गावच्या शाळेतून घेऊन गेले की मुलाला दुसऱ्या ठिकाणच्या शाळेत बसता येते. आश्रमशाळेत मूल असेल तर सुटीत त्याला घरी न्यायला कोण येणार, त्याचे नाव आई-बापांनी मुख्याध्यापकांना आधीच लेखी द्यावे. हे मुलाच्या सुरक्षेसाठी आहे. ‘मी मामा’ म्हणून कुणीही येऊ शकतो.

५. तीन पायऱ्या

कुठल्या घराला काय करावे लागेल, हे तीन पायऱ्यांत समजून घेऊ.

पहिली पायरी : आई-वडील आहेत, फक्त कामाला बाहेर आहेत. इथे साधे संमतिपत्र पुरे. न्यायालय नको, समिती नको. त्याचा नमुना पुढे दिला आहे.

दुसरी पायरी : आई-वडिलांपैकी कुणी वारले आहे, मोठ्या आजारात आहे, तुरुंगात आहे किंवा बेपत्ता आहे, आणि मूल नातेवाइकाकडे आहे. इथे जिल्हा बाल संरक्षण कक्ष व बाल कल्याण समिती यांच्याकडे जावे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे या समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. मुलाच्या काळजीचा निर्णय ती घेते. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाची मदत दरमहा ४,००० रुपये आहे. त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. अर्ज करताना कोणती योजना लागू पडते, ते कक्षातच विचारावे. किती आज्या मजुरी करून नातवंडे पोसतात आणि या पैशांबद्दल त्यांना कुणी सांगितलेलेच नसते!

तिसरी पायरी : आई-वडील दोघेही नाहीत, किंवा अपात्र आहेत, आणि मुलाच्या नावे जमीन, वनपट्टा, अपघाताची भरपाई असे काही आहे. इथे १८९०च्या कायद्याखाली, मूल जिथे राहते त्या भागाच्या जिल्हा न्यायालयात अर्ज करावा. नेमलेल्या पालकाला मुलाची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण टाकता येत नाही (कलम २९). हा अर्ज म्हणजे पोरक्या मुलाच्या जमिनीला घातलेले कुंपण आहे. खर्चाची भीती बाळगू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि मुलाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. चौकशी तालुका विधी सेवा समितीत किंवा १५१०० या क्रमांकावर करावी.

एक शब्द एकट्या मातांसाठी. लग्नाशिवाय आई झालेल्या मुली आपल्या पाड्यांवर आहेत, आणि त्यांना जागोजाग ‘बापाची सही आणा’ असे ऐकावे लागते. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित ख्रिस्ती मातेच्या अर्जावर निकाल दिला. आपल्या बचतीला व विम्याला मुलाचे नाव लावायला ती गेली होती, तेव्हा तिला बापाचे नाव तरी सांगा किंवा न्यायालयाचे पालकत्व प्रमाणपत्र तरी आणा, असे सांगितले गेले. बापाला नोटीस न देताही तिच्या पालकत्वाच्या अर्जाचा विचार करावा, असे न्यायालयाने म्हटले. अशा मातेला मुलाचा जन्मदाखला तिच्या प्रतिज्ञापत्रावर द्यावा, असेही सांगितले. ती माता आपल्या मंडळीतली बहीण होती, हे आपण विसरू नये.

६. जिथे सोपवणूक संपते आणि सौदा सुरू होतो

सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातली सुमारे दहा वर्षांची कातकरी मुलगी रुग्णालयात मरण पावली. तिला मेंढपाळाकडे राबायला ठेवले होते. त्यानंतर त्या भागातली आणखी मुले अशीच थोड्या पैशांच्या आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात दिली गेल्याचे उघड झाले. गुन्हे दाखल झाले, मुले सोडवली गेली. ती मुलगी परत आली नाही.

त्या आई-बापांना दगड मारण्याआधी विचार करू या. ‘पोराला खायला मिळेल, जनावरामागे फिरेल, वर्षाने परत येईल’ असे सांगूनच ती मुले नेली जातात. म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी पाड्यावर एक साधी ओळख सांगावी : जो मूल सांभाळतो तो आई-बापांना पैसे देत नाही. कुणी मुलाच्या बदल्यात पैसे, धान्य, जनावर देऊ करत असेल किंवा बयाण्यातून वळते करून घेत असेल, तर ती सोपवणूक नाही, विक्री आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८१ प्रमाणे मुलाच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. ‘दत्तक दिले’ असे कागदावर लिहून घेतले तरी सुटका नाही. ठरलेल्या पद्धतीबाहेर मूल दत्तक देणे-घेणे हाही गुन्हा आहे (कलम ८०). असे काही कानावर आले तर १०९८ वर कळवावे. हा क्रमांक दिवसरात्र चालतो.

आता कठीण गोष्ट, आपल्या स्वतःच्या घराची. वसईतल्या काही चांगल्या घरांत पाड्यावरची मुलगी ‘शिकायला’ राहते. आई-बापांची संमती आहे, प्रसंगी तसे लिहूनही दिलेले असते. ती सकाळी भांडी घासते, संध्याकाळी बाळ सांभाळते आणि मधल्या वेळात शाळेत जाते, किंवा जात नाही. १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यास बंदी आहे. २०१६च्या दुरुस्तीने ही बंदी सर्वच कामांना लागू झाली. शाळेनंतर घरच्यांना हातभार लावण्याची सवलत आहे, पण ‘घरचे’ म्हणजे आई-वडील, भावंडे, काका, आत्या, मामा, मावशी. आपण त्यात बसत नाही. आई-बापांचे संमतिपत्र या कायद्यापुढे उभे राहत नाही, कारण जो अधिकार त्यांच्याकडेच नाही, तो ते आपल्याला कुठून देणार?

खरोखर प्रेमाने मूल वाढवायचे असेल तर बाल कल्याण समितीच्या आदेशाने प्रतिपालकत्वाची वाट आहे (कलम ४४). वसतिगृह चालवणाऱ्या संस्थांनीही आपली बाजू तपासावी. काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले ठेवणाऱ्या संस्थेला कलम ४१ प्रमाणे नोंदणी लागते. हेतू चांगला असला म्हणून नोंदणीतून सूट मिळत नाही.

७. संमतिपत्राचा नमुना

साधा कागद चालेल. नोटरी केली तर सही पक्की होते, पण ऐपत नसेल तर अडून बसू नये. शक्यतो आई आणि वडील दोघांचीही सही किंवा अंगठा घ्यावा. दोन साक्षीदार असावेत : पोलीस पाटील, सरपंच, शिक्षक, आशाताई, अंगणवाडी ताई यांपैकी कुणी. मजकूर असा :

‘आम्ही खाली सही वा अंगठा करणारे, मुलगा/मुलगी (नाव), जन्मतारीख (—), यांचे आई-वडील आहोत. कामासाठी आम्ही दिनांक (—) पासून अंदाजे (—) पर्यंत (गाव, भट्टीचा किंवा कामाचा पत्ता) येथे राहणार आहोत. या काळात आमच्या मुलाची रोजची देखभाल (नाव, नाते, पत्ता) या करतील. मुलाच्या शाळेशी व्यवहार करणे, त्याला शाळेतून वा आश्रमशाळेतून घरी आणणे, आजारपणात दवाखान्यात नेणे, आणि आमच्याशी संपर्क झाला नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे उपचारांना संमती देणे, यासाठी आम्ही त्यांना अधिकार देत आहोत. आमचे पालकत्व आमच्याकडेच आहे. हे पत्र आम्ही केव्हाही रद्द करू शकतो. मुलाला कामावर ठेवणे, दुसऱ्या कुणाकडे सोपवणे किंवा त्याच्या बदल्यात पैसे वा वस्तू घेणे, याचा अधिकार या पत्राने दिलेला नाही.’

खाली तारीख, आई-वडिलांचा व भट्टीवरच्या दुसऱ्या एखाद्या माणसाचा मोबाइल क्रमांक, मुलाला असलेला आजार किंवा न चालणारे औषध, आणि साक्षीदारांच्या सह्या. सोबत मुलाच्या जन्मदाखल्याची व सर्वांच्या आधार कार्डांची प्रत जोडावी. तीन प्रती कराव्यात : एक आजीजवळ, एक आई-बापांजवळ, एक शाळेत.

पत्र वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नये. मूल सात-आठ वर्षांचे असेल तर त्यालाही समोर बसवावे. कुणाकडे राहायचे, किती दिवस, फोन कधी येईल, हे त्याला सांगावे. आणि त्याला तिथे राहायला भीती वाटते का, हे त्याला एकट्याने बाजूला घेऊन विचारावे. मूल ‘नको’ म्हणाले तर तो कागद तिथेच थांबवावा आणि का नको, ते शोधावे.

या पत्राने सगळी दारे उघडतील, असे मी म्हणत नाही. मोठ्या ऑपरेशनला रुग्णालय तरीही आई-बापांना बोलवील, आणि त्यात गैर नाही. पण ‘कागद आहे का?’ या प्रश्नाला आजीकडे उत्तर असेल.

८. गटात चर्चेसाठी

१. हन्ना दरवर्षी झगा घेऊन जात होती. भट्टीवरच्या आई-बापांना आपल्या मुलाशी आठवड्यातून एकदा बोलता यावे, यासाठी आपला गट काय करू शकतो?

२. आपल्या ओळखीत नातवंडे सांभाळणाऱ्या किती आज्या आहेत? त्यांतल्या किती जणींना बालसंगोपन योजना लागू होईल? नावांची यादी करा.

३. आपल्या घरी किंवा शेजारी पाड्यावरचे मूल राहते का? मर्दखय रोज एस्तेरची खुशाली विचारायला जात असे. त्या मुलाची खुशाली विचारायला कोण येते?

४. दिवाळीपूर्वी, माणसे पाड्यावर असतानाच, संमतिपत्रे लिहून देण्यासाठी आपल्यातले कोण दोन रविवार देतील? सुवाच्य अक्षर आणि धीर, एवढेच भांडवल लागते.

यंदा आम्ही त्या पाड्यावर वाघबारशीच्या आधी गेलो. ओट्यावर बसून एकवीस पत्रे लिहिली. चिंचेवरून पडलेला तो मुलगा शेजारी बसून आपल्या पत्रातला मजकूर मोठ्याने वाचत होता, कारण आजीला तो ऐकायचा होता. ‘उपचारांना संमती देणे’ या ओळीला तिने त्याला थांबवले आणि पुन्हा वाचायला लावले. मग अंगठा उमटवला, पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि पिशवी घराच्या कुडाला, नातवाच्या दप्तराशेजारी अडकवून ठेवली.